नक्कल करता करता तैलचित्र

श्रोतेहो, नक्कल हा शब्द आपल्या शाळांत चांगल्या अर्थाने कोणी वापरत नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलाला आपण उठवून बाहेर काढतो. चित्रकलेच्या तासाला कोणी कॅलेंडरवरचे चित्र हुबेहूब उतरवून आणले, तर 'छान आहे, पण स्वतःचे काहीतरी काढ की' असे म्हणून वही परत देतो. मीसुद्धा वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. मी काही चित्रकार नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि चाळिशी लागल्यावर, म्हणजे शहाणी माणसे नवे छंद धरत नाहीत त्या वयात, तैलरंगांच्या नादी लागलो. त्या नादात जे थोडेफार हाताला लागले, ते एकाच चित्राची दोनदा नक्कल करून. पहिली नक्कल साफ फसली. ती का फसली आणि दुसऱ्या खेपेला काय उमगले, हे आज सांगायचे आहे.

नादाचे मूळ घरात होते. आईचे एक चित्र काढावे असे मनात होते. तिचे वय झाले, आणि घरात तिची जी छायाचित्रे आहेत ती सगळी कोणाच्या ना कोणाच्या लग्नातली, अवघडून उभी राहिलेली. त्यांतले एक समोर ठेवून मी रंग लावले. गाल गुळगुळीत केले, सुरकुत्या बेताच्या ठेवल्या, नाक सरळ केले. चित्र पुरे झाल्यावर मोठ्या उमेदीने तिच्यापुढे धरले. तिने चष्मा लावून नीट पाहिले आणि म्हणाली, "बाई छान आहे रे. कोण आहे?"

हे बोलणे मला फार लागले. आमच्या तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवणारे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्ही माणूस बघितलाच नाहीत, फोटो पुसून काढलात. आता असं करा, ज्यानं माणूस डोळे फोडून बघितलाय अशा एखाद्या चित्रकाराचं चित्र घ्या आणि त्याची नक्कल करा. गुळगुळीत चित्र घेऊ नका. वाकडंतिकडं घ्या." मला वाटले, थट्टा करताहेत. ती थट्टा नव्हती.

नक्कल करून शिकणे ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे, हे आपल्याच मुलखातल्या उदाहरणावरून दिसेल. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ च्या सुमारास हाती घेतले आणि त्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. त्यांतल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा त्या लेण्यांत गेले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी. लेण्यातल्या अंधुक उजेडात भिंतीवरची रेघ डोळ्यांनी टिपायची आणि कापडावर उतरवायची, असे ते शिक्षण. तिकडे फ्रान्समध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८९-९० साली सॅं-रेमीच्या रुग्णालयात असताना मिले या चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांवरून चित्रे करीत बसला होता. त्याच्यापुढे असत ते काळे-पांढरे छाप. रंग त्याने स्वतःचे घातले. एकाने बांधलेली चीज दुसऱ्या गवयाने आपल्या गळ्याने गावी तसेच आपले हे काम आहे, अशी त्याची समजूत होती. आपल्याकडे गुरूची बंदिश घोकण्याला कोणी चोरी म्हणत नाही. मग चित्रातच का म्हणावे?

आता 'वाकडेतिकडे' म्हणजे काय ते पाहू. अशा चित्रांना टीकाकार अभिव्यक्तिवादी म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. गावात पारावर एखादा पोरगा पाटलांची नक्कल करतो. पाटलांची उंची त्याच्यापाशी नसते, रंग नसतो, मिशाही नसतात. पण चालताना डावा खांदा उचलण्याची त्यांची जी एक ढब, तेवढी तो पकडतो आणि वाढवून दाखवतो. सगळा पार म्हणतो, 'अगदी पाटीलच!' पाहणाऱ्याच्या मनावर जे ठसले तेवढे ठळक करायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, हे या पद्धतीचे मर्म. फरक एवढाच की पारावरचा पोरगा हसवण्यासाठी करतो आणि हे चित्रकार बहुधा हसवण्यासाठी करीत नाहीत. जर्मनीत ड्रेस्डेन येथे १९०५ साली किर्शनर आणि त्याच्या मित्रांनी 'पूल' या अर्थाच्या नावाचे मंडळ काढले. म्युनिकमध्ये १९११ साली कांडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनी 'निळा स्वार' या नावाखाली चित्रकार जमवले. हिटलरच्या राजवटीला ही चित्रे इतकी खुपली की १९३७ साली म्युनिक येथे तिने त्यांचे 'अधःपतित कला' म्हणून मुद्दाम हेटाळणीचे प्रदर्शन भरवले. त्याच राजवटीच्या भयाने ऑस्ट्रिया सोडून वॉल्टर लँगहॅमर हे चित्रकार मुंबईस आले. त्यांच्या घरी तरुण चित्रकारांची ऊठबस असे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. त्यात गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे असे सहा जण होते. त्यांपैकी काहींना लँगहॅमर यांचा मोठाच आधार होता. तेव्हा हे वारे आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही.

मी नक्कल केली ती शाइम सूतीन याच्या चित्राची. सूतीनचा जन्म १८९३ सालचा, आजच्या बेलारूसमधील मिन्स्क शहराजवळच्या स्मिलाविची या गावचा. जुने कपडे शिवून-सांधून देणाऱ्या एका गरीब ज्यू माणसाच्या अकरा मुलांपैकी हा दहावा. विल्ना येथे थोडे शिक्षण झाल्यावर १९१३ साली तो पॅरिसला आला आणि उपासमारीत राहिला. दिवसच्या दिवस लूव्र संग्रहालयात रेम्ब्रांटपुढे, शार्दँपुढे जाऊन उभा राही. १९२२-२३ च्या हिवाळ्यात बार्न्स नावाचा एक धनाढ्य अमेरिकन संग्राहक पॅरिसमध्ये आला होता. त्याने सूतीनचे एक चित्र पाहिले आणि बघता बघता त्याची पन्नासाहून अधिक चित्रे विकत घेतली. ज्या चित्राने त्याचे डोळे उघडले ते कोणा सरदाराचे किंवा सुंदरीचे नव्हते. गोड पाव आणि केक करणाऱ्या भटारखान्यातल्या एका पोऱ्याचे होते.

हॉटेलातले वाढपी, दारावरचे हरकामे, आचारी असल्या माणसांची चित्रे सूतीनने पुष्कळ काढली. पेस्ट्रीवाल्या पोऱ्याचीही एकाहून अधिक आहेत. त्यांतले एक, साधारण १९२२-२३ चे, पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात आहे. मूळ चित्र मी पाहिलेले नाही. माझी सगळी मेहनत चांगल्या छापील प्रतीवरून. चित्रात पांढऱ्या पोशाखातला, डोक्यावर उंच पांढरी टोपी घातलेला एक किशोरवयीन मुलगा आहे. तोंड लांबोडके, खांदे पडलेले, कान केवढाले, आणि हातात एक लालभडक रुमाल. बस्स, एवढेच. पण एकदा पाहिले की तो पोऱ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सूतीन मनाने काहीतरी कल्पून वेडेवाकडे रंगवणारा नव्हता. माणूस असो, मेलेला कोंबडा असो की झाड असो, ती वस्तू समोर असल्याखेरीज त्याचा कुंचला चालत नसे. म्हणजे हा वाकडेपणा न पाहिल्याने आलेला नाही. फार पाहिल्याने आलेला आहे. मला हे पहिल्या नकलेच्या वेळी कळले नव्हते, आणि तिथेच घात झाला.

नकलेच्या हकिकतीआधी सामानाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण शेतकरी श्रोत्यांना हा भाग माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. तैलरंग म्हणजे बारीक खललेली रंगाची पूड आणि वाळणारे तेल. 'वाळणारे' हा शब्द महत्त्वाचा. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल पाटीवर फासून ठेवले तर महिन्याने ते ओशटच राहील. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू त्याचा चिवट पापुद्रा होतो. पाणी उडून जाऊन वाळणे वेगळे आणि हे वाळणे वेगळे. यात तेल कुठे जात नाही, ते स्वतःच घट्ट होते. करडईच्या तेलात तळण केल्यावर कढईच्या काठाला जो पिवळा चिकट थर धरतो आणि राखेनेही निघत नाही, तो याच प्रकारचा. करडईचे तेलही रंगात वापरतात. जवसाचे तेल वर्षे गेली की पिवळसर होते, म्हणून पांढरा रंग पुष्कळदा करडईच्या तेलात घोटतात. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या पिकाचा हा असाही उपयोग आहे. मात्र घाण्यावरचे कच्चे तेल किंवा दारे-खिडक्यांना लावतात ते बेलतेल चित्राला घेऊ नये. चित्रासाठी शुद्ध केलेले जवसाचे तेल लहान बाटलीत मिळते.

रंगांच्या शिकाऊ दर्जाच्या सात-आठ नळ्या पुरतात. टायटॅनियम पांढरा सर्वांत मोठा घ्या. त्याबरोबर यलो ऑकर, एक पिवळा, एक तांबडा, क्रिमझन, अल्ट्रामरीन निळा, व्हिरिडियन हिरवा आणि बर्न्ट अंबर. काळा घेऊ नका. का, ते पुढे येईल. डुकराच्या केसांचे राठ कुंचले तीन, एक चपटी सुरी, टर्पेंटाइन. पॅलेटऐवजी मी खिडकीची फुटकी काच कडा घासून वापरतो. कापडावर रंगवायचे तर मांजरपाट चौकटीवर ताणून आधी अस्तर द्यावे लागते, कारण तेल थेट सुतात मुरले की कापड पुढे कुजते. मी हार्डबोर्डाच्या तुकड्यावर तयार जेसोचे तीन हात दिले. स्वस्त पडते आणि वाकतही नाही.

आता पहिली नक्कल. छापील चित्रावर आणि बोर्डावर चौकटी आखल्या, जशा आपण नकाशा मोठा करताना आखतो. पेन्सिलीने बाह्यरेषा उतरवली. उतरवताना हात आपोआप एक चलाखी करीत होता, ती मला दिसली नाही. कान मोठा आहे? थोडा लहान केला. एक खांदा फारच उतरला आहे? जरा वर घेतला. तोंड लांब आहे, बेताचे केले. मी नक्कल करीत नव्हतो, सूतीनचा पेपर तपासत होतो! मास्तरकीची सवय, दुसरे काय. मग रंग. पोशाख पांढरा, म्हणून नळीतला पांढरा काढून भरला. सावलीला त्यात काळा मिसळला. आठ दिवसांनी जे तयार झाले ते लाँड्रीच्या जाहिरातीतल्या मुलासारखे दिसत होते. कपडे होते पण मुलगा नव्हता. आणि काळा मिसळलेल्या जागा सावलीसारख्या न दिसता मळक्या दिसत होत्या.

दुसऱ्या खेपेला स्नेह्यांनी अट घातली की आठवडाभर कुंचला हातात धरायचा नाही, नुसते पाहायचे. ते पाहणेही कसे, तर पट्टी घेऊन. टोपीची उंची तोंडाच्या किती पट? कान नाकापेक्षा लांब की आखूड? एका खांद्याचे टोक दुसऱ्यापेक्षा किती खाली? मी एका पोस्टकार्डावर आकडे लिहीत गेलो. तेव्हा कळले की 'कान मोठा आहे' हे माझे मत होते. तो किती मोठा आहे हे मी पाहिलेच नव्हते. त्यांनी दुसरी युक्ती सांगितली, चित्र उलटे टांगण्याची. उलट्या चित्रात कान हा कान राहत नाही, एक तांबूस डाग होतो. मग त्याला 'बरोबर' करण्याचा मोह होत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, ही युक्ती वर्गात जरूर करून पाहा. मुलांना फार मजा वाटते, आणि ज्याला चित्र 'येत नाही' तो मुलगाही पुष्कळदा बरे काढतो.

मोजता मोजता एक विचार मनात आला. तो सूतीनच्या मनात होता असे मी म्हणत नाही, माझा आहे. भटारखान्यातला पोऱ्या दिवसभर काय करतो? हाका ऐकतो. हे आण, ते उचल, भट्टी बघ. त्याचे सगळे जिणे कानांवर चालते. मग कान मोठे नसतील तर काय होतील? आणि तो रुमाल. काम नसताना हात कुठे ठेवावेत हे ज्याला कळत नाही, असा माणूस काहीतरी धरून बसतो. आपल्या शाळेत फी माफीचा अर्ज घेऊन आलेला बाप टोपी अशीच हातात धरतो. हे एकदा दिसल्यावर कान लहान करण्याची माझी छाती होईना.

मग बोर्डाला अंबर आणि ऑकर यांचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी हात दिला आणि पुसून वाळू दिला. पांढऱ्या पाटीवर पांढरा रंग लावत असताना तो किती पांढरा आहे ते कळत नाही. तपकिरी जमिनीवर लगेच कळते. त्यावर पेन्सिलीशिवाय, पातळ अंबरने कुंचल्यानेच रेखाटन केले. आकडे पोस्टकार्डावर होतेच.

आणि आता पांढरा. श्रोतेहो, सगळ्या शिक्षणाचा गाभा मला या एका रंगात सापडला. उद्या दुपारी दोरीवर वाळत घातलेले धोतर पाहा. उन्हातला भाग पिवळसर झळझळीत असतो. घडीच्या आतली, सावलीतली बाजू निळसर असते, कारण तिथे ऊन पोचत नाही, आभाळाचा उजेड पोचतो. तांबड्या मातीच्या अंगणावर टांगले असेल तर खालच्या काठाला मातीची लाली चढते. कडुलिंबाखाली असेल तर हिरवट झाक येते. पांढऱ्या वस्तूला स्वतःचे असे थोडेच असते. जे शेजारी आहे ते ती परत देते. आपण 'पांढरे' या शब्दाने डोळे मिटून घेतो आणि हे काही पाहत नाही. सूतीनने पाहिले. त्या पोऱ्याच्या पोशाखात निळे, हिरवे, पिवळे, गुलाबी असे सगळे फटकारे आहेत आणि तरी तो पोशाख पांढराच दिसतो.

हे जमवायचे कसे? मी कुंचला उचलण्याआधी काचेवर सुरीने पाच ढीग मिसळून ठेवले. पांढऱ्यात किंचित निळा, पांढऱ्यात ऑकर, पांढऱ्यात हिरव्याचा नुसता स्पर्श, पांढऱ्यात क्रिमझन, आणि पाचवा राखाडी. हा राखाडी काळ्याने करायचा नाही. तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळले की दोघेही आपला तोरा सोडतात आणि एक जिवंत करडा रंग होतो. त्यात पांढरा घालायचा. काळा घेऊ नका म्हटले ते यासाठी. नळीतला निव्वळ पांढरा मी बाजूला ठेवला आणि शेवटी दोन-तीन ठिकाणीच लावला. तेवढ्याने तो दिव्यासारखा लागला. कोणता ढीग कुठे, हे ठरवताना डोळे किलकिले करून पाहावे. बारकावे जातात आणि उजेड-अंधार तेवढे उरतात. अंधाराची जागा अंधारात राहिली की मग तिथे निळा आला काय आणि हिरवा आला काय, चित्र ढळत नाही. माझ्या पहिल्या नकलेत नेमके उलटे झाले होते.

कुंचल्याची दिशाही नकलेतच कळते. बाहीवरचा फटकारा खांद्याकडून कोपराकडे ओढलेला आहे की आडवा, हे नुसते पाहून समजत नाही. आपण तो ओढायला गेलो की मनगट सांगते, 'नाही, असा नाही.' एक फटकारा मारायचा, कुंचला चिंधीला पुसायचा, मग दुसरा. ओल्या रंगात ओला रंग जातो तेव्हा दोन फटकाऱ्यांत काम झाले तर झाले, नाहीतर चिखल होतो. भिंत सारवल्यासारखे घोटत बसू नये. बिघडले तर सुरीने खरवडून टाकावे. हीच तैलरंगाची दया आहे की तो लगेच वाळत नाही. रात्री खरवडले तर सकाळी पुन्हा सुरुवात करता येते. मी त्या पोऱ्याचे तोंड चार वेळा खरवडले. लाल रुमाल मात्र सगळ्यात शेवटी, एका बैठकीत केला, कारण पांढरे सगळे बसल्याशिवाय तो लाल किती लाल हवा हे ठरतच नाही.

एक नियम कारागिरीचा आहे, तो मोडू नये. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि कमी तेलाचे, वरचे थर जास्त तेलाचे. तेलकट थर सावकाश वाळतो. त्याच्यावर लवकर वाळणारा थर दिला तर खालचा हालत राहतो आणि वरचा तडकतो. ओल्या लिंपणावर घाईने चुना मारला की काय होते ते आपण पाहतोच.

आणि एक धोका सांगितल्यावाचून पुढे जाणार नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल प्राणवायू शोषताना ऊब धरते. पसरलेल्या फडक्यातून ती ऊब निघून जाते, पण बोळ्याच्या पोटात साठते आणि काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. ज्या घरात कडबा, गोणपाट, सरपण रचलेले असते तिथे हे फार जपायला हवे. चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून कडक वाळू द्या, किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइनची बाटली चुलीपासून लांब ठेवा, खिडकी उघडी ठेवा, कुंचल्याचे टोक तोंडात धरून सरळ करण्याची सवय असेल तर ती सोडा. काही रंगांत विषारी धातू असतात.

शाळेत तैलरंग परवडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. ते लागतही नाहीत. एक पांढरी टोपी खिळ्याला अडकवा आणि मुलांना पोस्टर रंग द्या. अट एकच, निव्वळ पांढरा फक्त एका ठिकाणी वापरायचा. बाकी टोपी त्यांना जे रंग दिसतील त्यांनी करायची. खिडकीजवळचा मुलगा निळसर टोपी करील, दाराजवळची मुलगी पिवळसर करील, आणि दोघांचेही बरोबर असेल. त्यानंतर एखादे छापील व्यक्तिचित्र नकलेला द्या, पण गुण देताना 'हुबेहूब' पाहू नका. मुलाने काय मोजले ते त्याला मागच्या बाजूला लिहायला सांगा आणि ते वाचा. एक सावधगिरी मात्र बाळगा. वाकडे चित्र दाखवले की वर्गातला आळशी मुलगा म्हणतो, 'गुरुजी, माझंही असंच आहे.' त्याला पट्टी द्या आणि किती वाकडे आहे ते मोजायला सांगा!

नक्कल पुरी झाली की पाठीमागे 'सूतीनच्या चित्रावरून' असे लिहून आपले नाव आणि तारीख घालावी. मूळ म्हणून खपवणे ही लबाडी. लूव्रमध्ये बसून नकला करायला आजही परवाना मिळतो, पण नक्कल मूळ चित्राच्या मापाची करू देत नाहीत, ती लहान किंवा मोठीच करावी लागते. त्यामागे हीच काळजी आहे.

पण नकलेवर थांबायचे नसते. सूतीनचे याबाबतीतले वागणे पाहण्यासारखे आहे. लूव्रमध्ये रेम्ब्रांटचे सोललेल्या बैलाचे एक चित्र आहे. त्याने ते कितीदा पाहिले असेल! पण ते चित्र समोर ठेवून त्याने नक्कल केली नाही. १९२५ च्या सुमारास खाटकाकडून खरेच एक धूड आणून आपल्या खोलीत टांगले आणि त्यावरून रंगवले. मांस नासू लागले, शेजारी ओरडले, तरी हा रंगवतोच आहे. शार्दँच्या मासळीच्या चित्रावरूनही त्याने असेच केले, मासा आणून. दुसऱ्याच्या चित्रातून पाहायचे कसे ते घ्यायचे, आणि पाहायचे मात्र स्वतःच्या पुढ्यातले.

म्हणून मी पोऱ्याची छापील प्रत कपाटात ठेवली आणि आईला म्हटले, "आई, तू ओसरीवर बस." ती म्हणाली, "नुसती? नुसतं बसवत नाही मला." मग सुपात तूर घेऊन निवडत बसली. अंगावर धुऊन धुऊन विटलेले फिक्या रंगाचे लुगडे, जवळजवळ पांढरेच झालेले. आता मला त्यात ओसरीच्या शेणाचा हिरवट रंग दिसला, पदराखाली निळसर सावली दिसली, सुपाचा पिवळा उजेड दिसला. हात मोजले. ते तोंडाच्या मानाने मोठे निघाले, बोटांची पेरे सुजलेली. फोटोत मी ती कधी पाहिली नव्हती. जसे निघाले तसे ठेवले, आणखी थोडे मोठे झाले असतील तर असोत.

चौथ्या रविवारी तिला चित्र दाखवले. तिने बराच वेळ पाहिले, बोट लावायला गेली, मी म्हटले रंग ओला आहे. म्हणाली, "हात माझेच आहेत. तोंड अजून व्हायचंय तुझं."

तोंड मी त्याच रात्री खरवडून काढले. लुगडे आणि हात वाळत आहेत. जाड लावलेला रंग आहे, काही आठवडे लागतील. व्हार्निश तर सहा महिने ते वर्षभर लावायचे नाही. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नये, अंधारात जवसाचे तेल लवकर पिवळे पडते, म्हणून ते ओसरीवरच उजेडात टांगले आहे. येत्या रविवारी आई पुन्हा बसणार आहे. तूर संपली. या खेपेला हरभरा निवडायला आणून ठेव, असे तिने सांगितले आहे.